चहावरची साय

मला राग लवकर येतो असं आमच्या घरातले म्हणतात. साफ खोटं आहे. मला राग यायला वीस वर्षं लागली. आता आलाय तर तो जाईना, आणि तो जावा असं मलाही वाटत नाही. म्हणून हे लिहायला बसले. बारावी झालेली बाई आहे मी, मला लिहिता येतं. घरात ते कुणाच्या कधी ध्यानात आलं नाही, एवढंच.

आमचं गाव सांगलीपासून बारा किलोमीटरवर आहे. हे अंतर लय वाईट. पन्नास किलोमीटर असतं तर आम्ही खेड्यातली माणसं म्हणून सुखानं राहिलो असतो, आणि दोन असतं तर कधीच शहरात गेलो असतो. बारा म्हणजे धड ना इकडं, धड ना तिकडं. पोरं पिवळ्या बसनं इंग्लिश शाळेत जातात आणि संध्याकाळी येऊन शेणाचा वास येतोय म्हणून दप्तर टाकायच्या आधी नाक धरतात. रस्त्याकडंच्या उसात प्लॉटचे बोर्ड उभे आहेत. रविवारी शहरातल्या गाड्या दारात यायच्या, ताजं दूध न्यायला. काच खाली करून बाई विचारायची, प्युअर आहे ना? मी आहे म्हणायचे. मग मी धार काढून आणीपर्यंत ती नाकाला रुमाल लावून बसायची. त्यांना दूध पाहिजे, म्हैस नको. आधी मला त्याचं हसू यायचं. पुढं हीच खोड आमच्या घराला लागली, तेव्हा हसू गेलं.

माझ्याकडं तीन म्हशी होत्या. माझ्याकडं म्हणते, पण गोठा मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. वैरणीचं रान मामांचं. पहाटे पाचला उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या, किटली घेऊन डेअरीला जायचं, दुपारी म्हशी धुवायच्या, संध्याकाळी परत तेच सगळं पहिल्यापासून, ते मात्र माझं. नवरा फौजेत. वर्षातनं दोनदा सुट्टीवर येतो, पाव्हण्यासारखा गोडधोड खातो आणि जातो. त्याच्यावर माझा राग नाही, तो तिकडं बर्फात उभा असतो. पण घर दुधावर चाललं, हे सांगायला त्याची साक्ष कशाला पाहिजे? ऊस वर्षा-दीड वर्षानं जातो. रोजचा चहा-साखर, धाकट्या दिराचं कॉलेज, आत्तींच्या म्हणजे सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, वरच्या मजल्याच्या फरश्या, सगळं त्या तीन जनावरांच्या कासेतनं निघालं.

त्यातली थोरली पंढरपुरी. लांब, मागं गेलेली शिंगं, आणि डोक्यानं माझ्यापेक्षा तिरसट. माझ्या लग्नात वडिलांनी माझ्यामागं एक पारडी धाडली होती, तिच्या लेकीची ही लेक. माझ्या हाताशिवाय ही पान्हा सोडायची नाही. मी एकदा तापानं पडले तर आत्ती माझं लुगडं नेसून धारेला बसल्या. म्हशीनं एकदा वास घेतला आणि बादली लाथेनं पार अंगणात घालवली. आत्तींनी म्हशीला सोडून मलाच शिव्या घातल्या.

आता दिराचं सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी चौदा वर्षांचे होते. माझ्या हातचं खाऊन मोठे झाले. पुढं पदवी घेतली, नोकरी काही धड मिळाली नाही, मग शेतीत उतरले आणि चांगली शेती केली. पण चौतीस उलटले तरी लग्न जमेना. आमच्या गावात असे घरटी एक बसलेत. सहा-सात स्थळं आली. एकजण म्हणाले, पुण्यात नोकरी असती तर बघितलं असतं. एका मुलीची आई तर दारात आली, गोठ्याकडं बघितलं आणि पायरी न चढता माघारी वळली. आमच्याकडं जेवण तयार होतं. भावजींनी त्या दिवशी नवा शर्ट काढून घडी घालून ठेवला आणि पाटाचं पाणी बघायला गेले ते अंधार पडेपर्यंत आलेच नाहीत. तेव्हा मला त्यांची लय कीव आली. पुढं मी जे केलं त्याच्या मुळाशी ही कीव आहे.

मग तीन वर्षांपूर्वी हे स्थळ आलं. मुलगी सांगलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. माहेर कडेगावकडचं. वय तिचंही एकतीस. मध्यस्थ म्हणाला, वडिलांची बाकी काही अपेक्षा नाही, फक्त जनावरं असलेलं घर नको. मुलीच्या आईनं आयुष्यभर शेणामुतात काढलं आणि कंबरेनं गेली, म्हणून त्यांनी शपथच घातलीय. मामांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. सांगितलं, आमच्याकडं कुठायत जनावरं?

मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपून गेली.

आमच्याकडं घर बघायला यायची रीत आहे. मुलीकडची मंडळी येतात, चहा-पोहे खातात आणि बोलता बोलता सगळं घर डोळ्यांखालनं घालतात. मोरी बघतात, फ्रिज उघडून बघत नाहीत पण हात लावून बघतात. म्हणून पाव्हणे यायच्या आधी प्रत्येक घर थोडं खोटं बोलतं. कुणी शेजारचा सोफा आणतं, कुणी भावकीतली चारचाकी दारात लावतं. ते मला माहीत होतं. पण आमच्या घरानं जे केलं ते मी कुठं बघितलं नव्हतं. आमच्या घरानं गोठाच पुसून काढला.

शनिवारी सगळा दिवस तेच काम. उकिरडा ट्रॅक्टरनं उचलून रानात नेला. गोठ्याला चुना दिला, खाली फिनेलचं पाणी मारलं. गव्हाणीत आत्तींनी फुलांच्या कुंड्या मांडल्या. दावणीच्या खुंट्या उपटल्या आणि तिथं चुलत दिराची चारचाकी आणून उभी केली. मामा कंबरेवर हात ठेवून म्हणाले, झालं पार्किंग. हे सगळं कुणी केलं? मीच केलं. चुना मी दिला, फिनेल मी मारलं. माझ्याच हातानं माझी वीस वर्षं धुऊन काढली, आणि वर भावकीतल्या पोरांना हाका मारून पाईप नीट धरा म्हणून सांगत होते. अशी अक्कल गहाण टाकलेली बाई दुसरी बघायला मिळायची नाही.

म्हशी न्यायच्या होत्या कालव्याकडं. तिथं मळ्यात एक मुसलमान कुटुंब राहतं, नवरा पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. बायकोला आम्ही सगळ्याजणी चाची म्हणतो. तिचा मोकळा गोठा होता. मी मामांना एवढंच म्हणाले, दोघींना न्या, पंढरपुरीला नको. ती दिवस भरलेली होती. कास उतरली होती, आज-उद्या व्यायली असती. अशा म्हशीला जागा बदलून चालत नाही, हे मामांना मी सांगायला पाहिजे होतं का? सत्तर वर्षं जनावरांत काढलेला माणूस.

ते म्हणाले, एका दिवसाचं काम हाय.

भावजी कोपऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, “वैनी, एवढं करा माझ्यासाठी.” मीच पंढरपुरीच्या गळ्यातलं दावं धरलं. दुसऱ्या कुणाबरोबर ती हललीच नसती. वाटेत दोनदा थांबली, वळून घराकडं बघितलं. मी तिला थापटून पुढं नेलं. माझ्यावर विश्वास ठेवून ती चालली.

रविवारी पहाटे मी मळ्यात जाऊन दोघींच्या धारा काढून आले. पंढरपुरी अस्वस्थ होती, उठबस करत होती. चाची म्हणाली, तू जा, मी हाय, काय झालं तर फोन करते. घरात आले तर आत्तींनी मला परत अंघोळीला पाठवलं. केसाला शाम्पू, हाताला लिंबू. शेणाचा वास हाताच्या रेघांत बसतो, तो लिंबानं जात नाही, पण मी चोळत बसले. डेअरीला त्या दिवशी दूध घातलं नव्हतं, म्हणून डेअरीवाल्याचा फोन येईल आणि पाव्हण्यांच्या देखत फजिती होईल, अशी आत्तींना भीती. त्यांनी माझा फोन आवाज बंद करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. मी म्हणाले, चाचीचा आला तर? म्हणाल्या, घटकाभरानं काय म्हैस मरत न्हाई.

आणि एवढं सगळं करून आम्ही चहा कशाचा केला? म्हशीच्या दुधाचा. मी आपली पिशवीचं दूध आणायला निघाले होते, नाटकच करायचं तर पुरतं करावं. आत्ती कडाडल्या. पाव्हण्याला पिशवीच्या दुधाचा चहा? लोक तोंडात शेण घालतील. वीस वर्षांत पहिल्यांदा मला मोठ्यानं हसावंसं वाटलं होतं. गोठा लपवला, उकिरडा लपवला, दावणीच्या खुंट्या उपटल्या, आणि घट्ट पिवळसर दुधाचा चहा कपात ओतून वर साय तरंगत पाव्हण्यांच्या पुढं ठेवला. हे आमच्याच लोकांना जमायचं. खोटं बोलायची तयारी असते, पण पाव्हण्याला पातळ चहा पाजायची नसते.

मंडळी अकराला आली. मुलगी, तिचे वडील, एक चुलता, मध्यस्थ. मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालत होते, सोप्यातलं, म्हणजे बाहेरच्या खोलीतलं, सगळं ऐकू येत होतं. वडिलांनी पहिलाच प्रश्न जनावरांचा केला. मामा म्हणाले, व्हती पूर्वी, आता काढली समदी, पोरींना कुठं जमतंय ते. वडील खूश झाले. मग त्यांनी सहज विचारलं, थोरल्या सूनबाई काय करतात?

मामा म्हणाले, “त्या? त्या घरीच असत्यात.”

घरीच असतात. मी पोह्यांची परात खाली ठेवली. मला तो शब्द कानात नाही, छातीत लागला. पहाटे पाचपासनं राबणारी बाई घरीच असते. ज्या फरशीवर ते पाव्हणे बसले होते ती फरशी कुठनं आली? ज्याचं लग्न चाललं होतं त्याची फी कुठनं गेली? बरं, मामांना वाईट बोलायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. तेच तर जास्त लागलं. त्यांना खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. म्हशी नाहीत म्हणताना त्यांची जीभ जराशी अडखळली होती. मी घरीच असते म्हणताना अजिबात अडखळली नाही.

थोड्या वेळानं मुलगी रिकामे कप घेऊन आत आली. नको म्हणत असताना आली. अंगानं बारीक, चष्मा, डोळ्यांत एक सरळपणा. कप ठेवले आणि मला म्हणाली, “ताई, एक विचारू? खरं सांगा. ही साय पिशवीच्या दुधाची नाही. घरात म्हशी आहेत ना?”

दारात भावजी उभे होते. नवा शर्ट, हातात पाण्याचा तांब्या, चेहरा असा की बघवत नव्हता. मी त्यांच्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मनात आलं, सांगून टाकावं. तीन आहेत, आणि त्यातली एक आत्ता तिकडं तळमळत असेल. पण तोंडातनं निघालं, नाहीत बाई, पाव्हण्यांसाठी शेजारनं आणलं दूध.

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. धारा काढून काढून माझ्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलाय, तो काही लिंबानं जात नाही. तिनं तो बघितला आणि बाहेर गेली. जाताना मंडळी पसंती सांगून गेली.

गाडी वळणावर गेल्या गेल्या मी कपाट उघडलं. चाचीचे नऊ फोन येऊन गेले होते.

मी चप्पल न घालता मळ्यात गेले. म्हैस दहाच्या सुमारास व्यायला लागली होती. रेडकाचा पाय आत मुडपला होता. चाची एकटी. तिचा नवरा मिरजेला, पोरं बाहेर. जनावरांच्या डॉक्टरचा नंबर माझ्याकडं, आणि मी फोन उचलत नव्हते. शेवटी ती दोन रानं ओलांडून पळत गेली, एका माणसाला धरलं, त्यानं डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर आला तोवर रेडकू गेलं होतं. रेडी होती. वडिलांनी दिलेल्या पारडीच्या लेकीच्या लेकीची लेक. चाचीनं तिच्यावर पोतं घातलं होतं. चाचीचा हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेला, आणि ती मला म्हणाली, “लय रेकत हुती गं. तुझ्या घराकडं तोंड करून रेकत हुती.”

घरी आले तर पेढे वाटत होते. मी सांगितलं, रेडी गेली. मामा म्हणाले, अरारा. मग म्हणाले, बरं झालं म्हणायचं, आता म्हशी ठेवायच्या न्हाईतच की. भावजींनी खाली मान घातली. एवढं करा माझ्यासाठी म्हणणारं तोंड, म्हैस वाचवायला नाही तर नाही, निदान रेडी पुरायला तरी चला वैनी म्हणायला उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं. रेडी मी आणि चाचीनं पुरली. त्या दिवशी मला राग आला. तोच हा राग.

खोटं एकदा बोललं की ते खरं करून दाखवावं लागतं. लग्नाच्या आधी पंधरा दिवस तिन्ही म्हशी न्यायला व्यापारी आला. मी पंढरपुरीला शेवटची वैरण घातली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तिला टेम्पोत चढवायला पाच माणसं लागली. मला कुणी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी मी गेले नसते. एकदा मीच दावं धरून तिला फसवलं होतं, परत नाही.

लग्न झालं. नवी जाऊ वाईट निघाली असती तर माझ्या रागाला सोय झाली असती, पण तीही नाही. ती सकाळी आठला स्कूटीवरनं सांगलीला जाते, संध्याकाळी येते, येताना दुधाच्या दोन पिशव्या आणते. भांडी घासते, उलट बोलत नाही. मी मात्र पहिली दोन वर्षं तिच्याशी कामापुरतंच बोलले. पहाटे पाचला डोळा उघडायचा आणि करायला काही नसायचं. छताकडं बघत पडायचे. आता मी खरोखरच घरी असायचे. मामा म्हणाले तसं करून दाखवलं.

यंदा संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला चाची वाण घ्यायला आली होती. बोलता बोलता तिनं त्या रविवारचं सगळं सांगितलं, तिला वाटलं जावेला माहीत असेल. जावेच्या हातात कुंकवाची कोयरी होती. ती तिनं हळू खाली ठेवली. बायका गेल्यावर ती गोठ्यात आली. मी तिथं, त्या दिवसापासून कायमच्या लागलेल्या चारचाकीच्या शेजारी, केर काढत होते.

ती चिडली होती. मला वाटलं मामांवर चिडली. नाही, माझ्यावर. म्हणाली, “मला त्याच दिवशी कळलं होतं. साय बघितली, तुमचा हात बघितला. म्हणून तर आत येऊन तुम्हालाच विचारलं. शेण नको ही अट बाबांची होती, मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तुम्हाला विचारलं, बाई म्हणून. आणि तुम्ही मला ‘नाहीत’ म्हणालात. तेवढ्या वेळात तिकडं ते रेडकू मेलं, ताई.”

मी बोलायला तोंड उघडलं, भावजींचं नाव घ्यायला, मामांचं, आत्तींचं, कपाटातल्या फोनचं. ते सगळे आपापल्या जागी चुकले होतेच. पण ‘खरं सांगा’ असं या घरात मला एकच माणूस कधी म्हणालं, आणि मी त्यालाच खोटं सांगितलं. मामांनी मला घरीच बसवलं म्हणून मी तीन वर्षं धुमसत होते. पण माझ्या तोंडानं माझ्या म्हशी नाहीत असं म्हणणारी मीच होते. वीस वर्षांचं काम मामांनी एका वाक्यात पुसलं, आणि त्यांनी पुसलं ते खरं आहे म्हणून मी सही केली. मला माझाच एवढा संताप आला की हातातला खराटा मी भिंतीवर हाणला. जाऊ मागं सरली नाही. तिनं खराटा उचलून दिला, आणि विचारलं, तुम्हाला म्हैस पाहिजे का?

हेही मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी व्हय म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरानं मामांनी सकाळचा चहा तोंडाला लावला आणि कप बाजूला सारला. म्हणाले, ह्या चहाला काय चव न्हाई, साय न्हाई, नुसतं रंगाचं पाणी. एखादी म्हैस घरात पाहिजे व्हती.

भावजी आणि जाऊ तिथंच होते. आत्ती देवापुढं बसल्या होत्या. मी म्हणाले, “आमच्याकडं कुठायत जनावरं, मामा? काढली समदी.”

मामांना आपलेच शब्द ओळखू आले, कारण त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. म्हणाले, मग आण की एक. परवानगी दिल्यासारखं म्हणाले. मी सांगितलं, आणीन. वडिलांच्या गावात त्याच वंशातली एक आहे, बघून ठेवलीय. पण पाव्हणा आला आणि विचारलं थोरल्या सूनबाई काय करतात, तर काय सांगणार, ते आधी म्हणून दाखवा. आत्ता, माझ्यादेखत.

ते म्हणाले, हे काय खूळ. मी म्हणाले, खूळ तर खूळ.

त्यांनी म्हटलं नाही. याला महिना झाला. भावजींनी मात्र दुसऱ्याच दिवशी चारचाकी चुलत भावाच्या दारात नेऊन लावली, आणि कुणाला न विचारता खुंट्या रोवल्या. मला म्हणाले, वैनी, चुकलं माझं. मी म्हणाले, चुकलंच. त्यांना त्याहून जास्त काही देता आलं नाही, अजून राग आहे. गव्हाणीतल्या कुंड्या मी काढल्या आणि गव्हाण धुऊन ठेवली.

जाऊ परवा सांगलीच्या बाजारातनं नवं दावं घेऊन आली, चांगलं जाड, लाल-पिवळ्या गोंड्याचं. मी म्हटलं, गोठ्यात ठेव. ती म्हणाली, गोठ्यात का? आणि तिनं ते सोप्यात लावलं, पाव्हणे बसतात त्या भिंतीवर, बरोबर मामांच्या खुर्चीच्या वर. आल्यागेल्याची नजर पहिली त्याच्यावरच जाते. काल शिराळ्याहून मामांचे एक जुने मित्र आले होते. त्यांनी दाव्याकडं बघितलं आणि विचारलं, आवं, म्हशी परत घेतल्या का काय? कोण बघतं त्यांचं?

मी चहा घेऊन दारात उभी होते. पिशवीच्या दुधाचा चहा. मामांनी माझ्याकडं बघितलं, दाव्याकडं बघितलं, आणि खोकला काढत बसले. मी चहा दिला नाही. ट्रे हातात धरून तिथंच उभी राहिले, आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.